डावा पाय

ननाशीकडून दिंडोरीला येणाऱ्या काळी-पिवळीत पुढच्या सीटवर जागा मिळाली, की माणसाला वाटतं आपण सुटलो. तसं नसतं. ड्रायव्हरच्या शेजारी तिघं बसतात आणि मधल्याला एक पाय गिअरच्या अलीकडे, एक पलीकडे टाकावा लागतो. मी खिडकीशी होते, मध्ये एक कॉलेजचा मुलगा. चढ आला की ड्रायव्हर समोर बघतच म्हणायचा, "पाय घे." मुलगा गुडघा बाजूला करायचा, दांडा खटकन मागे यायचा, गाडी पुन्हा दम धरायची. असं दहा-पंधरा वेळा झालं. मग ड्रायव्हरने सांगणं सोडलं. इंजिनचा आवाज जड व्हायला लागला, की मुलाचा गुडघा आपसूक सरकत होता. मोबाइलमधली मान त्याने वर काढली नव्हती. तरी गिअर कधी पडणार हे त्याला कळायला लागलं होतं, आणि तेही गुडघ्यातून.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'सोय'. बाकीचे लेखक मोबाइलवर, घरपोच डब्यांवर आणि कपडे धुण्याच्या यंत्रांवर लिहिणार हे उघड होतं. मला आठवला तो माझा डावा पाय. गाडी शिकले तेव्हा मी चाळिशीत होते. पहिल्याच पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी ट्रकच्या मागे अडकली. ब्रेक सोडला की गाडी मागे जाईल या धास्तीने मी अर्धा तास ती हाफ क्लचवर धरून ठेवली. आधी रबर जळाल्यासारखा वास आला. इंजिन जोरात ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. क्लचप्लेट गेली होती. त्यानंतर कितीतरी महिने सिग्नलला थांबले, की डावी पोटरी थरथरायची.

हे लिहायला दिंडोरीच का गाठली, याचं उत्तर साधं आहे. माझी मावसबहीण तिकडे दिली आहे. कळवण रस्त्याला, लखमापूर फाट्याच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. घरात पहिली नवी मोटार यायची होती आणि पोळ्यापासून एकच वाद चालू होता: गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? गाडी छोटीच घ्यायची, पांढरी घ्यायची, पेट्रोलची घ्यायची, यावर एकमत होतं. भांडण फक्त तिसऱ्या पेडलवर. ताई फोनवर म्हणाली, "तूच ये आणि सांग यांना." सांगण्याएवढी अक्कल माझ्याकडे नव्हती, पण बघायला जायला काय हरकत आहे, म्हणून गेले.

मडगार्डवरची मुलं, मडगार्डवरच्या मुली

नाशिकहून म्हसरूळ मागे पडलं, ढकांब्याचा टोलनाका आणि अक्राळे फाटा गेला, की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव, पालखेड, एका तालुक्याच्या वाट्याला इतकी धरणं आल्यावर दुसरं काय होणार. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समधून इथली द्राक्षं परदेशात जातात, आणि सुला कंपनीच्या एका वाइनच्या बाटलीवर तर तालुक्याचं नावच छापलेलं आहे. मी गेले तेव्हा मात्र दिवस टोमॅटोचे होते. सप्टेंबरचा पाऊस काही केल्या उघडत नव्हता. रस्त्याच्या कडेला क्रेटची चळत, शेजारी पिकअप, आणि पिंपळगावच्या बाजारात वेळेवर पोचायची घाई.

बाग आली की ट्रॅक्टर आला. दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर घेऊन जाईल असा बुटका, अरुंद ट्रॅक्टर इथे घरोघरी उभा दिसतो. ताईच्या अंगणातही होता. दाजींना मी विचारलं, गाडी कुठे शिकलात? ते हसले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. गाडी शिकायची असते का?

मग त्यांनी सांगितलं ते असं. पोर पाच-सहा वर्षांचं झालं, की बापाच्या शेजारी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसतं. नववी-दहावीत गेलं, की मोकळ्या रानात बाप स्टेअरिंग हातात देतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात क्लच. (परवान्याला अठरा पूर्ण लागतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बांधाच्या आत आरटीओ येत नाही हेही.) ट्रॅक्टरचा क्लच मोटारीपेक्षा कितीतरी जड. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या क्लचला दोन टप्पे असतात: अर्धा दाबला की चाकं सुटतात, पूर्ण दाबला की मागे जोडलेलं अवजारही थांबतं. असला क्लच ज्याच्या पायाने पचवला, त्याला छोट्या मोटारीचा क्लच म्हणजे चप्पल काढण्याइतका सोपा. दाजींचं शिक्षण फुकट झालं होतं. ते आपण घेतलं आहे, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"आणि मुली?" मी विचारलं.

मडगार्डवर मुलीही बसतात, ताई म्हणाली. तीही माहेरी बसायची. पण मडगार्डवरून सीटवर सरकायचं वय येतं, तोवर मुलीला खाली उतरवलेलं असतं.

मला वाटतं, दिंडोरीतली गिअर की ऑटोमॅटिक ही सगळी चर्चा या एका जागेवर येऊन थांबते. शोरूमवाला मायलेज सांगतो, मोटारींची मासिकं पिकअप मोजतात. घरात मात्र प्रश्न असा असतो, की ट्रॅक्टरवर कोण बसलं होतं आणि कोण बसलं नव्हतं. गिअरची गाडी घेतली, की किल्ली आपोआप त्या दोघा-तिघा पुरुषांकडे राहते. तसं कोणी ठरवत नाही, फक्त बाकीच्यांना ती चालवता येत नाही.

ताईकडे परवाना आहे. २०११ साली दिंडोरीत एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिने वीस दिवस क्लास लावला होता. शेजारी शिकवणारा, त्याच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक. शिकवणीच्या गाडीला तशी दुहेरी सोय असावी लागते असा नियमच आहे. परीक्षेच्या दिवशी गाडी एकदाही बंद पडली नाही, हे ती आजही सांगते. मग परवाना आला आणि कपाटात गेला. बँकेत ओळखपत्र म्हणून तो दोनदा बाहेर निघाला.

आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना एकच. गिअरच्या गाडीवर घ्या नाहीतर ऑटोमॅटिकवर, कागद तोच. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो, क्लचची गाडी चालवायची तर पुन्हा परीक्षा. जपाननेही १९९१ पासून असा वेगळा परवाना ठेवला आहे. आपल्या कायद्याने फरक केला नाही. तो आपल्या अंगणांनी केला.

ताईची सून ॲक्टिव्हावर वणीच्या बाजूला शाळेत शिकवायला जाते. रेनकोट घालून, पुढे पिशवी अडकवून, ट्रॉल्या आणि पिकअपच्या मधून. तिचं मत ऐकून मी जरा चमकले. तिला गिअरचीच हवी होती. "मावशी, ऑटोमॅटिक घेतली तर म्हणतील हिला तेवढीच येते. मला पिकअपपण चालवता आली पाहिजे. रात्री माल निघायचा असतो आणि नेमका ड्रायव्हर येत नाही." मुलाला ऑटोमॅटिक हवी, कारण तो नाशिकला नोकरीला जातो आणि दिंडोरी नाक्याच्या गर्दीत रोज पाऊण तास क्लच दाबतो. ताईला ऑटोमॅटिक. दाजींना गिअर. आबा, म्हणजे दाजींचे वडील, ऐंशीच्या पुढचे. त्यांचं म्हणणं, टोमॅटोचा भाव बघून घ्या.

दोन पंखे, एक पट्टा आणि एक पंप

गिअर लागतात कशाला, हे अनेक वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. पेट्रोल इंजिनला अगदी हळू फिरता येत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते बंद पडतं. गाडीला मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. शिवाय जागेवरून उठताना जोर हवा असतो आणि रस्त्याला लागल्यावर वेग. जोर आणि वेग यांची ही अदलाबदल म्हणजे गिअर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बरंच फिरतं, चाक थोडं; पाचव्यात इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक कितीतरी जास्त फिरतं.

आणि फिरतं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं, तर गचका बसून ते बंद पडेल. म्हणून मध्ये क्लच. एक तबकडी इंजिनच्या बाजूची, दुसरी गिअरबॉक्सच्या बाजूची. पाय दाबला की त्या सुटतात, सोडला की चिकटतात. सोडताना मधल्या क्षणी दोन्ही एकमेकींवर घासतात, तोच हाफ क्लच. तळहात तळहातावर जोरात घासून बघा, काय होतं ते कळेल. कसाऱ्यात मी तेच अर्धा तास केलं होतं.

या भानगडीतून पायाला सोडवायचे तीन मार्ग छोट्या गाड्यांत जास्त दिसतात.

पहिला जुना. तबकड्यांऐवजी तेलात समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखी पाती. टेबलफॅन लावून समोर दुसरा बंद पंखा धरला तर तोही हळूहळू फिरायला लागतो, तसं. अमेरिकेत १९३९ च्या अखेरीला ओल्ड्समोबिलने पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, त्यात तेलातून जोर पोचवण्याचीच युक्ती होती. आपल्याकडे मारुती झेन, ह्युंदाई सँट्रो, आय टेन या छोट्या गाड्यांच्याही ऑटोमॅटिक आवृत्त्या निघाल्या होत्या. किंमत जास्त, पेट्रोलही जास्त. त्या शहरात डॉक्टरांच्या दारात दिसायच्या. दिंडोरीत कोण घेणार?

दुसरा मार्ग पट्ट्याचा. दोन पुल्या, त्यांच्यावर एक पट्टा, आणि पुल्या रुंद-अरुंद होत राहतात, त्यामुळे ठरावीक गिअर असे उरतच नाहीत. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यावर चालणारी छोटी मोटार काढली. आपल्याला हे यंत्र परकं वाटायचं कारण नाही, कारण ते घरोघरी आहे. १९८४ साली फिरोदियांची कायनेटिक होंडा आली ती याच तत्त्वावर. त्याआधी बजाजच्या स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत फिरवावा लागायचा. कायनेटिकने ती मूठ मोकळी केली आणि पुण्याच्या रस्त्यांवर साडी नेसलेल्या बायका स्कूटर चालवताना दिसायला लागल्या. सुनेची ॲक्टिव्हा त्याच घराण्यातली. मी तिला म्हटलं, तू रोज ऑटोमॅटिकच चालवतेस की. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "स्कूटरला कोणी विचारत नाही ना, गिअरची का नाही म्हणून."

तिसरा मार्ग कमी खर्चाचा, आणि छोट्या गाड्यांचा बाजार बदलला तो यानेच. २०१४ च्या ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली. तिच्यातलं यंत्र इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीचं. यात नवा गिअरबॉक्स नव्हताच. तीच क्लचप्लेट, तेच पाच गिअर. फक्त माणसाचा पाय आणि हात काढून त्यांच्या जागी एक पंप, काही व्हॉल्व्ह आणि एक छोटा संगणक बसवला. क्लच दाबला जातोच, दाबणारा आपण नसतो. याला एएमटी म्हणतात. मारुती एजीएस म्हणते. जुन्या ऑटोमॅटिकच्या मानाने खर्च थोडा आणि मायलेज गिअरच्या गाडीच्या जवळपास. पाठोपाठ अल्टो, वॅगन आर, नॅनो, क्विड, टियागो, सँट्रो अशी रांग लागली. सीएनजीला हे यंत्र जोडायला मात्र फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. ते टाटाने टियागो आणि टिगोरमध्ये केलं.

एएमटीची एक खोड आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर श्वास घेते आणि बसलेल्यांच्या माना पुढे होतात. नवशिक्या माणसाने गिअर टाकावा तसं. यावर उपाय सोपा आहे: गिअर बदलतोय असं जाणवलं की रेसवरचा पाय किंचित उचलायचा. काळी-पिवळीतल्या त्या मुलाच्या गुडघ्याला जे कळलं होतं, तेच उजव्या पायाला शिकवायचं. म्हणजे शिकणं सुटत नाही, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं.

गॅरेजवाल्याचा हिशेब

दिंडोरीत कळवण रस्त्याला एक गॅरेज आहे. बाहेर एक पिकअप जॅकवर, आत एका जुन्या हॅचबॅकचा गिअरबॉक्स उतरवलेला. कामगाराने काळ्या हाताने क्लचप्लेट मला दाखवली. ताटलीएवढी, मध्ये स्प्रिंगा, कडेने घासून गुळगुळीत झालेलं अस्तर. रिबिटं वर आलेली.

मालक बोलका होता. म्हणाला, ताई, ही प्लेट वाईट नव्हती, चालवणारा क्लचवर पाय ठेवून झोपतो. काम नसताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय अनेकांना असते. तेवढ्याशा वजनानेही रिलीज बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेट अर्धवट सुटते. क्लचचा सेट बदलायचं काम त्याच्याकडे एका दिवसात होतं, सामान नाशिकहून दुपारच्या गाडीने येतं, आणि खर्च शेतकऱ्याच्या खिशाला झेपेल इतका.

ऑटोमॅटिक? त्याने नाकासमोर बोट नेलं. क्लचप्लेट तीच, ती मी बदलीन. पण पंप, ॲक्च्युएटर, सेन्सर काही गेलं तर स्कॅनर लागतो, शिकवावं लागतं गाडीला परत, ती नाशिकलाच न्यावी लागते. आणि न्यायची कशी? गिअरमध्ये अडकलेली गाडी ढकलताही येत नाही. बॅटरी उतरली तर गिअरची गाडी चार जणांनी ढकलायची, दुसऱ्यात टाकून क्लच सोडायचा, फट् करून चालू. ऑटोमॅटिकला हा धक्का चालत नाही. पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर काळ्या मातीत चाक रुतलं, तर गिअरवाला पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स करत गाडी झोक्यासारखी हलवून बाहेर काढतो. एएमटीला तेवढी चपळाई नाही.

"मग काय करतात?"

"ट्रॅक्टर लावतात. गिअरच्या गाडीलापण शेवटी ट्रॅक्टरच लावतात."

एका गोष्टीवर मात्र तो ठाम होता, आणि मला ती मोलाची वाटली. लोक समजतात ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही, म्हणून तो जळणार नाही. चढावर थांबले की ब्रेक न धरता रेसवर पाय ठेवून गाडी तोलून धरतात. आत तीच कोरडी प्लेट घासत असते. तिसऱ्या पेडलचं दुखणं पायाला कळतं, पाय थरथरतो, वास येतो. इथे पायाला काहीच कळत नाही. डॅशबोर्डवर इशारा दिसेपर्यंत गडी गाणी ऐकत असतो. चढावर थांबायचं तर ब्रेक, जास्त वेळ थांबायचं तर हॅंडब्रेक. एवढं पाळलं, तर त्याच्या मते एएमटीतली प्लेट माणसाच्या पायापेक्षा जास्तच टिकते, कारण यंत्र क्लचवर पाय ठेवून झोपत नाही.

गड

दिंडोरी-वणीकडच्या माणसाला गाडीची परीक्षा विचारा, तो ॲव्हरेजच्या आधी गडाचं नाव घेईल. "गड चढंल का?" सप्तशृंगीचा गड. नांदुरीपासून वर दहाएक किलोमीटरचा घाट, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. २०१८ पासून गावातून देवीच्या मंदिरापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या वाचतात; गावापर्यंत मात्र चाकांनीच जावं लागतं.

मी चढून बघितला. दोन वेळा, एकाच दिवशी. एकदा मुलाच्या मित्राच्या एएमटीने, एकदा ताईच्या शेजाऱ्यांच्या गिअरच्या गाडीने. चढताना अपेक्षेपेक्षा कमी फरक पडला. एएमटी वळणावर गोंधळते: वेग कमी झाला म्हणून दुसरा टाकते, वळण संपलं की तिसरा, लगेच पुढचं वळण म्हणून पुन्हा दुसरा. पुढचं वळण आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. गिअरच्या गाडीत शेजारी घाट सुरू झाल्यावर दुसऱ्यात होते ते बराच वेळ दुसऱ्यातच राहिले. वळण बघून आधीच ठरवणं हा एक गुण माणसाकडे अजून आहे.

खरी गोष्ट उतरणीला. शेजारी गिअरच्या गाडीत सरळ न्यूट्रल टाकून उतरायला निघाले. पेट्रोल वाचतं म्हणे. मी त्यांना थांबवलं, आणि पाहुणीने असं बोलणं त्यांना आवडलं नाही, पण इथेही सांगते. आताच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना रेसवरचा पाय काढला, की उतारावर इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत उलटीच. शिवाय सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पेडल दाबूनही धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं अजून तितकंच खरं आहे.

एएमटीतही ते करता येतं. दांडा शेजारी 'एम'वर सरकवायचा आणि दुसरा गिअर धरून ठेवायचा. पट्ट्याच्या गाडीत त्यासाठी बहुधा 'एल' किंवा 'एस' असतं. मित्राने गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं. 'एम' कशासाठी असतो हे त्याला माहीत नव्हतं. गाडीची माहितीपुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. परतताना वणीच्या पुढे क्रेट भरलेली पिकअप ओलांडायची होती. एएमटीने पाय दाबल्यावर नेहमीसारखा श्वास घेतला, आणि समोरून एसटी आली. आम्ही मागे झालो. दुसऱ्या वेळी त्याने आधी 'एम' करून तिसरा घेतला आणि मग बाहेर काढली. गाडी निघाली.

पितृपक्षातलं शोरूम

सप्टेंबरच्या मध्यावर नाशिकच्या शोरूममध्ये आम्ही पाच जण गेलो, तेव्हा तिथे आमच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं. एक तर पितृपक्ष. दुसरं, पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार असं सांगितलं होतं, ३ सप्टेंबरला परिषदेने ते ठरवलंही, आणि नवे दर लागू होणार होते २२ सप्टेंबरला. त्याच दिवशी घटस्थापना. त्याआधी कोण गाडी उचलेल? विक्री करणारी मुलगी निवांत होती. तिने आमच्यासाठी दोनदा चहा मागवला.

चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर अठ्ठावीस टक्के अधिक एक टक्का उपकर, तो सरळ अठरावर येणार होता. (ट्रॅक्टरवरचाही बारावरून पाचवर. दाजींनी ते लगेच वहीत लिहिलं.) सहा लाखांच्या गाडीमागे ही सूट साधारण एक्कावन्न हजारांची होते. आणि त्याच गाडीत गिअर आणि एएमटी यांच्या किमतीत फरक किती? पन्नास हजारांच्या आसपास.

दाजी बराच वेळ कॅलक्युलेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे क्लचचे पैसे सरकार देतंय."

त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. त्या मुलीने चाचणीची एएमटी बाहेर काढली आणि सवयीने किल्ली दाजींकडे केली. मी म्हटलं, ताईला द्या. ताई नाही नाही म्हणाली. मग बसली. चौदा वर्षांनी. डावा पाय क्लच शोधत होता. जे क्लचवर शिकलेत त्यांचा पहिल्यांदा हमखास शोधतो, आणि कधीकधी क्लच समजून ब्रेकच दाबतो. ताईनेही दाबला. सगळे पुढे आदळलो. मुलीने शांतपणे सांगितलं, डावा पाय मागे, सीटखाली ओढून ठेवा, तो विसरा. ताईने चप्पल काढून पाय मागे घेतला, ब्रेक हळूच सोडला आणि गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. शोरूमच्या मागच्या रस्त्याला दोन चकरा झाल्या. ती एक शब्द बोलली नाही. परत आल्यावर तिने फक्त विचारलं, "हिच्यात मागच्या काचेवर वायपर आहे का?"

विजेच्या गाडीचीही विचारणा झाली. तिला तर गिअर बदलायचे नसतातच. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा सगळा वादच जुन्या रेडिओसारखा होईल, असं मुलगा म्हणाला. असेल. पण मळ्यातली वीज कधी रात्रीची येते, कधी दिवसाची, आणि दाजींना मोटार विहिरीच्या मोटरसोबत रांगेत उभी करायची नव्हती. तो विषय तिथेच संपला.

सुनेला मात्र मी उत्तर देऊ शकले नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. या तालुक्यातली कामाची गाडी, म्हणजे पिकअप, काळी-पिवळी, ट्रॅक्टर, सगळी क्लचचीच आहे, आणि ज्याला ती येत नाही त्याचं घरातलं मत अजून अर्धंच धरतात. ऑटोमॅटिकने ताईला वणीपर्यंत नेलं, तरी सुनेला पिंपळगावच्या बाजारापर्यंत नेणार नव्हतं. त्या संध्याकाळी आबा काही न बोलता उठले, ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि तिला म्हणाले, "बस." खळ्याच्या मागे मोकळं रान होतं. ट्रॅक्टर तीनदा बंद पडला. चौथ्यांदा बांधापर्यंत गेला. नंतर मी फोन केला, तेव्हा द्राक्षांच्या गोडी छाटणीची धावपळ सुरू झाली होती, ट्रॅक्टर दिवसभर ब्लोअरला जुंपलेला, आणि शिकवणी पुढे गेलेली नव्हती.

गाडी घटस्थापनेला घरी आली. पांढरी, एएमटी, मागे वायपर असलेली. पाचव्या माळेला ताई ती घेऊन देवीला निघाली, शेजारी आबा, मागे सून. नांदुरीत पोलिसांनी गाडी पार्किंगला लावायला लावली. नवरात्रात खासगी गाड्या वर सोडत नाहीत. गड ती तिघं एसटीने चढली, दुसऱ्या गिअरमध्ये.